आधी पडायला शिका!

"तू मराठीत लिहिणार? तू??" मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख देतेय म्हटल्यावर माझ्या रूमीची ही पहिली प्रतिक्रिया. तिचंही चूक नाही म्हणा. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी ही माझी 'थर्ड लँग्वेज' होती आणि निबंध म्हटला की 'पावसाळ्यातील एक दिवस' सोडून दुसरा मला यायचा नाही. अजूनही 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत माझा गोंधळ होतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. एक कारण म्हणजे, जे सांगणार आहे ते मी मराठीतच शिकले. दुसरं कारण शेवटी सांगते.

आपल्याकडे स्पोर्ट्सच्या वेळी ब्रँचवाइज चिअरिंगची स्पर्धा असते, हे एफ.ई.च्या मंडळींनाही आता कळलं असेल. प्रत्येक ब्रँचला तीन मिनिटं. घोषणा, ढोल, थोडा नाच, एखादा पिरॅमिड, आणि जज म्हणून बिचारे दोन-तीन सर. मागच्या वर्षी आम्ही एफ.ई.त होतो तेव्हा आमचा पिरॅमिड सुंदर झाला, घोषणा तर इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी कुणालाच आवाज नव्हता. आणि मग समोरच्या ब्रँचचा एक मुलगा धावत आला आणि ग्राउंडवर त्यानं उलटी कोलांटउडी मारली. झालं! ट्रॉफी तिकडे.

त्या रात्री मेसमध्ये पातळ वरणाकडे बघत आम्ही दोघींनी शपथ घेतली. पुढच्या वर्षी आपल्या ब्रँचकडून फ्लिप होणार, आणि ती मुलगी मारणार!

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आम्ही तुला इंजिनीअर व्हायला पाठवलंय की आयपीएलमध्ये नाचायला?" २००८ साली पहिली आयपीएल झाली तेव्हापासून आपल्याकडे चिअरलीडर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, त्याला आई तरी काय करणार? मग मी जरा वाचून काढलं. (सबमिशन सोडून बाकी सगळं वाचायला आपल्याला वेळ असतोच!) तर ऐका. हा प्रकार सुरू झाला अमेरिकेत, १८९८ साली, मिनेसोटा विद्यापीठात, आणि सुरू करणारा होता जॉनी कॅम्पबेल नावाचा एक विद्यार्थी. टीम हरायला लागली होती म्हणून हा गडी पुढे आला आणि लोकांकडून घोषणा म्हणवून घेऊ लागला. म्हणजे सुरुवातीला हे काम मुलांचंच! पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवर लष्करी कॉलेजात असताना गुडघा दुखावल्यामुळे फुटबॉल सोडून चिअरलीडर झाले होते. मुली यात आल्या त्या नंतर. आणि आता हा स्वतंत्र खेळ आहे. गुण असतात, पातळ्या असतात, नियमांची पुस्तकं असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं या खेळाच्या जागतिक संघटनेला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली.

हे सगळं फोनवर ऐकवल्यावर आई म्हणाली, "बरं. हातपाय मोडून घेऊ नकोस म्हणजे झालं."

हातपाय मोडला. पण माझा नाही.

ऑगस्टपासून आमची प्रॅक्टिस सुरू झाली होती. कुठे, ते लिहिताना हात जरा थरथरतोय, कारण रेक्टर मॅडम हे वाचणार आहेत. होस्टेलच्या गच्चीवर. किल्ली कशी मिळवली ते विचारू नका मॅडम, त्यात मेसच्या मावशींचा काहीही दोष नाही. आमच्या तीन गाद्या वर नेल्या. त्या गाद्या तुम्हाला माहीत आहेतच, कापसाचे गोळे झालेल्या आणि मधोमध खड्डा पडलेल्या. त्या एकमेकींना लावून वर एक चादर पसरली. गुरू म्हणजे मोबाईल. त्यात एक गोरा मुलगा हसत हसत सांगत होता की दहा मिनिटांत कुणालाही बॅक हँडस्प्रिंग येते. बॅक हँडस्प्रिंग म्हणजे उभ्यानं मागे झेप घ्यायची, हातांवर यायचं, आणि हातांनी जमिनीला ढकलून परत पायांवर. माझी रूमी लहानपणी गावाकडे नदीत उलट्या उड्या मारायची, त्यामुळे तिला भीती नावाची गोष्ट नव्हती. ती करणार आणि मी कमरेला हात लावून आधार देणार, असं ठरलं.

एका संध्याकाळी तिनं चार वेळा केली. चारही वेळा जमली! आम्ही अक्षरशः नाचलो. पाचव्या वेळी टाकीजवळ उभी असलेली आमची तिसरी मैत्रीण ओरडली, "ए, इकडे बघा ना, व्हिडिओ काढतेय!"

आणि मी बघितलं.

एवढंच. मी मोबाईलकडे बघितलं, हसले, आणि कपाळावरचे केस मागे घ्यायला एक हात काढला. रूमीला वाटलं मी तयार आहे. तिनं झेप घेतली. माझा उरलेला हात तिच्या वजनानं बाजूला फेकला गेला, गाद्या सरकल्या, आणि तिचा उजवा हात बरोबर दोन गाद्यांच्या मधल्या फटीत, सरळ सिमेंटवर गेला. आवाज आला. पेन्सिल मोडावी तसा, फार मोठा नाही. ती रडलीसुद्धा नाही. उठून बसली आणि म्हणाली, "हात बघ ना माझा." मनगटाच्या जरा वर, जिथे हात सरळ असतो, तिथे तो वाकलेला होता.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आठवलं तरी आज पोटात गोळा येतो. तिला दोघींनी काखेत धरून ताडकन उभं केलं. गच्चीवरून खाली आणलं आणि स्कूटीवर तिघी बसून दवाखान्यात गेलो. मधे ती, मागे मी तिचा हात धरून. स्पीडब्रेकर आला की ती नुसती "स्स्" करायची. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत रूमी म्हणाली, "बाथरूममध्ये पाय घसरला."

तेच रेक्टर मॅडमना सांगितलं. तेच तिच्या घरी. तिचे आई-बाबा रात्रीच्या एसटीनं आले. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग तिलाच रागावल्या, "किती वेळा सांगितलंय, ओल्या फरशीवर धावू नकोस म्हणून!" मी शेजारी उभी होते. त्यांनी जाताना माझ्या हातात चकलीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही गं."

ती चकली मी खाऊ शकले नाही.

सहा आठवडे प्लास्टर. ऐन टर्मच्या मधोमध, तेही उजव्या हाताला! तिची जर्नल्स मी लिहिली, वेणी मी घातली, मेसचं ताट मी आणलं. मला वाटायचं तिनं एकदा तरी माझ्यावर चिडावं. ती चिडली नाही. एक दिवस डाव्या हातानं पोहे खाताना फक्त एवढं म्हणाली, "तू नीट शिकून ये. मी बरी झाले की मला तूच धरायचंस."

म्हणून मी शोधाशोध केली आणि गावातल्या जुन्या पेठेतल्या एका व्यायामशाळेत जाऊन पोचले. मला वाटलं होतं काचेची जिम असेल. तिथे होता एक जुना मल्लखांब, भिंतीवर मारुतीची तसबीर, निळ्या मॅटची रांग, एक गुडघ्याएवढी जाड फोमची गादी, आणि पंचवीस-तीस पोरं. सर साठीच्या पुढचे. मी ऐटीत सांगितलं, "सर, मला फ्लिप शिकायचीय."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पडता येतं का?"

"म्हणजे?"

"आधी पडायला शिक. उडायचं मग बघू."

आणि खरंच, पहिले तीन आठवडे मी फक्त पडले. बसून मागे पडायचं. उकिडवं बसून मागे पडायचं. मग उभ्यानं. हनुवटी छातीला, म्हणजे डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. पाठ गोल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडताना हात मागे टेकायचा नाही! माणूस पडायला लागला की हात आपोआप मागे जातो, कोपर ताठ होतं, आणि सगळं वजन मनगटावर येतं. नेमकं रूमीचं तेच झालं होतं. सर म्हणायचे, "हात वाचवायला जात नाहीत, हात मोडायला जातात. गोल हो आणि गडगडत जा." माझ्या शेजारी आठ वर्षांची एक चिमुरडी हे सगळं शिकत होती. मी चुकले की ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "मावशी, हनुवटी आत!" वीस वर्षांच्या मुलीला मावशी! पण तिचं बरोबर असायचं.

मग पायऱ्या सुरू झाल्या. पुढची कोलांटी, मागची कोलांटी. मागची कोलांटी आधी उतरत्या गादीवर, कारण उतारामुळे मानेवर भार येत नाही. मग भिंतीला पाय लावून हँडस्टँड, अर्धा मिनिट, कोपरं न वाकवता. ज्याला स्वतःचं वजन हातांवर उलटं पेलता येत नाही त्यानं हातांवर झेप घ्यायचीच नाही, हा सरांचा नियम. मग चक्रासन, मग कार्टव्हील, मग राउंड-ऑफ, म्हणजे कार्टव्हीलसारखंच पण दोन्ही पाय एकदम खाली. मनगटांचे व्यायाम रोज. नंतर मी बघितलं तर अमेरिकेतल्या चिअरच्या स्पर्धांतही अशाच पायऱ्या आहेत. खालच्या पातळीला कोलांट्या, हँडस्टँड, कार्टव्हील. त्यावर बॅक हँडस्प्रिंग. मग धावत येऊन गोळा होऊन मारायची उलटी उडी, म्हणजे टक. मग तीच उभ्या जागेवरून, आणि सरळ अंगानं मारायची लेआउट. गिरक्या सगळ्यात शेवटी. ज्या पातळीत संघ उतरतो तिच्या वरचा प्रकार करायला परवानगीच नसते. आम्ही काय केलं होतं? एम-वन पास न होता थेट एम-थ्रीच्या पेपरला बसलो होतो!

आता थोडं मेकॅनिक्स. पळून जाऊ नका, व्हायवा नाही घेणार. एफ.ई.ला प्रोजेक्टाइल शिकताना मी झोपले होते, ते मला व्यायामशाळेत समजलं. समजा उभ्या जागेवरून उडी मारून तुमचं सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी ४० सेंटिमीटर वर गेलं. तर हवेत मिळणारा एकूण वेळ किती? करून बघा. साधारण ०.५७ सेकंद. एवढ्यात अख्खी गिरकी घेऊन पाय खाली आणायचेत. आणि हवेत गेल्यावर अँग्युलर मोमेंटम वाढवता येत नाही, जे काही मिळवायचं ते पाय जमिनीवर असतानाच. आपल्या हातात राहतं ते फक्त मोमेंट ऑफ इनर्शिया. गुडघे छातीशी घेतले की ते साधारण एक तृतीयांश होतं आणि वेग तितकाच वाढतो. म्हणून नवशिका घाबरून हवेत मधेच अंग उघडतो तेव्हा फिरणं मंदावतं आणि तो मानेवर किंवा डोक्यावर येतो. हवेत निर्णय बदलता येत नाही. "जायचं तर पूर्ण जायचं, नाहीतर पाय उचलायचाच नाही," हे सरांचं वाक्य म्हणजे कॉन्झर्व्हेशन ऑफ अँग्युलर मोमेंटमच आहे. सर सातवी शिकलेत.

उतरण्याचंही तसंच. ४० सेंटिमीटरवरून खाली येताना पाय ताठ ठेवून ४ सेंटिमीटरमध्ये थांबलात तर सरासरी जोर वजनाच्या ११ पट. गुडघे आणि कंबर वाकवून ४० सेंटिमीटरमध्ये थांबलात तर फक्त दुप्पट. जाड गादी आणि वाकलेले गुडघे एकच काम करतात, थांबायचं अंतर वाढवतात. आणि हो, गाद्यांमधली फट म्हणजे शून्य गादी. व्यायामशाळेतल्या मॅट एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या असतात ते उगाच नाही.

पण मी तिथे खरं शिकायला गेले होते ते धरायला.

सपोर्ट देणं हा वेगळा विषय आहे. माझी समजूत होती की कुणीही शेजारी उभं राहिलं की झालं. सरांनी मला दीड महिना आधी बघायला लावलं, मग लहान पोरांना पुढच्या कोलांटीला धरायला लावलं, आणि मग कुठे मागच्या झेपेला. एक हात कमरेच्या खालच्या भागाला, दुसरा मांडीच्या मागे. बाजूला, अगदी जवळ, गुडघे वाकवून उभं राहायचं. लांब उभं राहून हात लांबवला तर वजन पेलत नाही. समोरचा उडायच्या आधी विचारणार, "धरलंय?" आणि आपण मोठ्यानं म्हणणार, "धरलंय." हा शब्द ऐकल्याशिवाय त्यानं जायचं नाही. आणि एकदा "धरलंय" म्हटलं की पाय टेकून समोरचा स्थिर होईपर्यंत हात काढायचा नाही. कुणी हाक मारो, मोबाईल वाजो, छत पडो.

पहिल्यांदा "धरलंय" म्हणताना माझा आवाज फुटेना. सरांना काय माहीत होतं कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, "कुणाला पाडलंयस का?"

मी पहिल्यांदा कुणालातरी खरं सांगितलं. सगळं. स्कूटीसकट.

सर रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हात मोडला हे नशीब समज. मान असती तर?" आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना बसवून तेच शिकवलं. कुणी मानेवर किंवा डोक्यावर पडलं तर उचलायचं नाही. बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान हलवू द्यायची नाही. एकानं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरायचं, दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. हातपाय हलतात का, मुंग्या येतात का, ते विचारायचं. हात मोडला असेल तर तो आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधायचा, ओढून सरळ करायचा नाही. आम्ही त्या दिवशी रूमीला काखेत धरून उभं केलं होतं. मान असती तर आम्हीच...

पुढचं वाक्य लिहवत नाही.

हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. सोव्हिएत संघाची एलेना मुखिना ही जागतिक विजेती जिम्नॅस्ट. १९८० साली, मॉस्को ऑलिम्पिकच्या काही दिवस आधी, पायाचं दुखणं पुरतं बरं झालेलं नसताना तिला एक अवघड उडी करायला लावली आणि ती हनुवटीवर पडली. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे २००६ पर्यंत, ती अंथरुणालाच खिळून होती. त्याच २००६ मध्ये अमेरिकेत क्रिस्टी यामाओका नावाची कॉलेजची चिअरलीडर बास्केटबॉलच्या सामन्यात पिरॅमिडवरून सुमारे १५ फुटांवरून डोक्यावर पडली. स्ट्रेचरवरून नेताना, मान पट्ट्यात बांधलेली असताना, तिनं बँडच्या तालावर हात हलवून आपल्या टीमला चिअर केलं! ती बरी झाली, आणि तिला तिथे कुणी काखेत धरून उभं केलं नव्हतं. त्यानंतर तिकडच्या कॉलेज सामन्यांत मॅटशिवाय उंच पिरॅमिड करण्यावर बंधनं आली. आणि आपली दीपा कर्माकर? २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिनं प्रोदुनोवासारखी धोकादायक उडी मारली आणि फक्त ०.१५ गुणांनी तिचं ब्राँझ हुकलं. आपण टीव्हीवर ते काही सेकंद बघितले. त्यामागची वर्षं, पायऱ्या आणि गाद्या आपल्याला दिसल्या नाहीत. मोबाईलवरच्या व्हिडिओतही त्या दिसत नाहीत.

जानेवारी आला. स्पोर्ट्स जवळ आले. रूमीचं प्लास्टर निघालं होतं पण मनगटावर भार द्यायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. म्हणजे फ्लिप मारायची तर मीच. मला बॅक हँडस्प्रिंग जमत होती, पण व्यायामशाळेत, मॅटवर, दहापैकी सात वेळा. सरांचा नियम असा की मॅटवर, सपोर्टशिवाय, दहापैकी दहा, आणि ते सलग तीन दिवस, तेव्हाच कडक जमिनीचा विचार. आमच्या टीमचं म्हणणं, "अगं सात म्हणजे डिस्टिंक्शन! रिस्क घे ना." आणि सीनियर्सचं, "मागच्या वर्षीची ट्रॉफी आठव."

आदल्या रात्री मी गच्चीच्या जिन्यात बसले होते. (दाराला आता मोठं कुलूप आहे, मॅडम.) खरं सांगू? मला मारायची होती. सगळं ग्राउंड आपल्याकडे बघतंय, शिट्ट्या वाजतायत, हे मी रोज झोपताना बघायचे. रूमी येऊन शेजारी बसली. मी विचारलं, "काय करू?" तिनं उत्तर दिलं नाही. नुसतं उजवं मनगट डाव्या हातानं चोळत बसली. ती सवय तिला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी कार्टव्हील आणि राउंड-ऑफ केली. दोन्ही स्वच्छ. पाय टेकले तेव्हा हललेसुद्धा नाहीत. टाळ्या पडल्या, शिट्ट्या जरा कमी. आमचा दुसरा नंबर आला. टीममधले दोघं आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. त्यांना मी तेव्हा काही बोलले नाही, आता सांगते. दहापैकी सात म्हणजे दहापैकी तीन वेळा डोक्यावर. परीक्षेत तीन मार्क गेले तर केटी सुद्धा लागत नाही. इथे तीन मार्क म्हणजे मान.

मार्चमध्ये डॉक्टरांनी रूमीला परवानगी दिली. ती माझ्याबरोबर व्यायामशाळेत आली. सरांनी तिलाही पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला लावली, नदीतल्या उड्या वगैरे काही ऐकून घेतलं नाही. चिमुरडीला दुसरी मावशी मिळाली. आणि महिनाअखेर एका शनिवारी सर म्हणाले, "आज मागे जा. कोण धरणार?"

रूमीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी बाजूला उभी राहिले. गुडघे वाकवले. एक हात कमरेला, एक मांडीला. माझ्या हाताला तिचा श्वास लागत होता. तिनं विचारलं, "धरलंय?"

घसा कोरडा पडला होता. पण मोठ्यानं म्हटलं, "धरलंय."

ती गेली. हातांवर आली, ढकललं, पाय खाली. ती उभी राहून स्थिर झाली, तरी मी हात काढले नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "अगं, सोड आता!"

तर आता दुसरं कारण. आपलं मॅगझिन सगळ्यांच्या घरी जातं, पण कुणाच्या घरी पूर्ण वाचलं जात नाही. एक घर सोडून. रूमीच्या घरी काकू त्यातला मराठी विभाग पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, कविता कापूनसुद्धा ठेवतात. म्हणून मराठीत.

काकू, ती बाथरूममध्ये घसरली नव्हती. ती ओल्या फरशीवर धावली नव्हती. तिनं मला विचारलं होतं आणि मी तिला धरलंय असं वाटू दिलं होतं. तिनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. तिला रागावू नका, आधीच एकदा उगाच रागावून झालंय तुमचं. मला हवं ते बोला. चकलीचा डबा मी रिकामा करून, धुऊन ठेवलाय, तो घेऊन मे महिन्यात तुमच्याकडे येणार आहे. रूमीनं हा लेख वाचलाय. ती म्हणाली, "दे. छापू दे."

आणि ज्युनिअर्स, पुढच्या वर्षी ट्रॉफी आपल्याकडे आणायचीय ना? जरूर शिका. मुलींनी तर नक्कीच शिका. पण गच्चीवर नको, लॉनवर नको, मोबाईलला गुरू करून नको. पेठेतली व्यायामशाळा संध्याकाळी पाच ते आठ उघडी असते. सर तुम्हाला पहिला प्रश्न काय विचारतील ते आता माहीत आहेच.